चार वेळा एकाहत्तर

— नाही येणार, सिस्टर, रेंज इथे येणारच नाही, कितीही हात उंच करा. ही खोलीच तशी आहे — चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खाली पत्रा, आणि भिंतीवर हे काळे सुळके दिसतायत ना, ते स्पंजाचे आहेत, टोचत नाहीत, लावा हवं तर हात — म्हणजे बाहेरची लहर आत नाही नि आतली बाहेर नाही. वायरलेसची चाचणी घ्यायची तर एवढं करावंच लागतं. बसा. त्या खुर्चीवर नको, ती मागे कलते, मी बसतो तिच्यावर, मला तिची खोड ठाऊक आहे. चहा मागवू? नको? बरं. तिकडे चौकशी समितीचं चालू आहे, मीटिंगच्या खोलीत — तुमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई, आमचे साहेब, वकील — अकराला बोलावतील तुम्हाला, दारावरचा लाल दिवा लागला की समजायचं. तोवर साहेब म्हणाले, सिस्टरना मशीन दाखव, शंका असतील त्या फेड, शांतपणे समजावून सांग. आता मी काय कोणाला समजावणार, माझ्या घरी माझं कोणी ऐकत नाही — पण सांगितलंय तर सांगतो. हातातला कागद तोच का? सहीचा? ठेवा इकडे टेबलावर, चुरगळतोय.

याला ओळखलंत ना? तुमच्याच वॉर्डातला मॉनिटर, सात नंबरच्या बेडचा — हा बघा, कोपऱ्यावर चिकटपट्टी नि तिच्यावर पेनाने सात, अक्षर तुमचंच असेल. आणि हा मोठा पडदा म्हणजे तुमचं नर्सिंगचं टेबल समजा. आता हा चिमटा मी माझ्या बोटाला लावतो — आला, बघा, टेबलावर आला, अठ्ठ्याहत्तर. म्हणजे माझी नाडी चालू आहे, अजून आहे मी. तर इथे बेडपाशी नाडी मोजली जाते आणि आतलं वायरलेसचं कार्ड ती हवेतून टेबलाकडे पाठवतं. त्या कार्डाशी बोलणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो मी लिहितो — बारा वर्षं तेच करतोय. माझी आई शेजारणींना सांगायची, मुलगा मोठ्या कंपनीत ड्रायव्हर आहे, आणि त्या म्हणायच्या, अगंबाई, एवढं शिकून? — असो. तर हे कार्ड मधूनच पडतं. पडतं म्हणजे गपगार होतं, त्याच्या आतला प्रोग्राम बंद पडतो — उष्णतेने, कशानेही. सगळ्यांचीच पडतात, त्यात लाज नाही, लाज आहे ती न उठण्यात. ते उठवायचं काम माझ्या ड्रायव्हरचं — पडलंय हे ओळखायचं, त्याची वीज तोडायची, जोडायची, प्रोग्राम पुन्हा भरायचा, बाबा रे तू कोण, कोणाशी बोलत होतास हे सगळं त्याला पुन्हा सांगायचं, आणि हे दोन सेकंदांत. बघा, ही कळ दाबली की कार्ड मुद्दाम पडतं. दाबली. पडलं — एक — दोन — उठलं. पुन्हा दाबतो. पडलं — उठलं. टेबलावर तुम्हाला पत्ता तरी लागला का?

दहा हजार वेळा पाडलंय आम्ही असं, आणि दहा हजार वेळा उठलंय. त्याचा कागद आहे, माझ्या सहीचा, आत्ता समितीच्या पुढ्यात असेल. तेव्हा मशीनमध्ये काही खोट नाही, सिस्टर. सात नंबरच्या आजोबांची नाडी घसरली, मशीनने अलार्म दिला, दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं, मशीनच्या नोंदीत आहे. तुम्ही त्यांच्या खोलीत गेलात तीन एकतीसला. मध्ये एकोणीस मिनिटं, आणि तोवर आजोबा गेले होते. आता तुम्ही मुद्दाम केलंत असं कोणी म्हणत नाही — छे, बावीस वर्षांची नोकरी, अठरा पेशंट, जेवणानंतरची वेळ, माणूस आहे, लक्ष जातं. तेवढंच तर लिहिलंय कागदात — अलार्म वाजला, माझ्या लक्षात आला नाही. सही केलीत की प्रकरण इथेच मिटतं, लवकर निवृत्ती, पेन्शनला धक्का नाही. नाही केलीत तर पोलीस, कोर्ट, पेपरात नाव, आणि नंतर कुठलं हॉस्पिटल उभं करणार तुम्हाला? — हे साहेबांचं म्हणणं आहे, मी फक्त पोचवतोय. पेन आहे ना? हे घ्या माझं.

काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं. ऐकू आलं मला. त्या दिवशी कळ कोणी दाबली होती — असंच ना? कोणी नाही. कळ दाबायला कोण असणार तिथे, त्या दिवशी आपलं आपणच — म्हणजे पडलं असेल तर. पडलंच असं मी म्हणत नाही, पडलं असतं तरी उठलं असतं, हे आत्ताच बघितलंत की तुम्ही. कळ दाबून पडलं काय नि आपलं आपण पडलं काय, पडणं ते पडणंच. आकड्याकडे बघू नका हो तुम्ही सारख्या. ब्याण्णव झालाय तो मलाही दिसतोय, सकाळपासून कॉफीवर आहे मी. गंमत आहे पण. या कंपनीत एवढी माणसं, एवढ्या मीटिंगा, आणि हा प्रश्न आजवर फक्त एका बाईने विचारला होता. तुम्ही दुसऱ्या.

तुम्हाला लॉक म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय नाही कळायचं. वेळ आहे का? आहे, वीस मिनिटं आहेत. ड्रायव्हरमध्ये एका वेळी बरीच कामं चालतात. एक जण कार्डाला हुकूम सोडतो — चॅनेल बदल, जवळचा टॉवर शोध, असलं काही — आणि उत्तराची वाट बघतो. तेवढ्यात दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये म्हणून तो आधी लॉक घेतो, म्हणजे आतून कडी लावतो म्हणा ना, न्हाणीघराला लावतो तशी. काम झालं, कडी काढली, मग पुढचा. आता कार्ड पडलं की उठवणारा येतो. त्यालाही मध्ये कोणी नको, म्हणून तोही तीच कडी मागतो. बरोबरच आहे त्याचं. पण समजा, आतला हुकूम सोडून उत्तराची वाट बघत बसलाय आणि नेमकं त्याच क्षणी कार्ड पडलं. पडलेलं कार्ड उत्तर कसं देणार? उत्तर येत नाही म्हणून आतला कडी काढत नाही, कडी निघत नाही म्हणून उठवणारा आत जात नाही, उठवणारा जात नाही म्हणून कार्ड उठत नाही, आणि कार्ड उठत नाही म्हणून उत्तर — आलं ना लक्षात? दोघेही आपापल्या जागी शहाणे आणि काम ठप्प. आमच्या घरी आत्ता तेच चाललंय. ती म्हणते आधी तू बोल, मी म्हणतो आधी तू, अकरा दिवस झाले. डबा भरून मिळतो, पण ओट्यावर ठेवलेला असतो, हातात कोणी देत नाही. वाट बघायला काही मर्यादा नको का, म्हणाल. हवी. अमुक इतके सेकंद बघायची, नाहीतर कडी काढून बाहेर यायचं, शहाणा माणूस असंच लिहितो. माझ्याकडून राहिलं. सहा वर्षांपूर्वी राहिलं ते राहिलंच.

आणि ही कळ. ही कळ काय करते सांगू? ही आधी लॉक घेते. आत कोणी असेल तर बाहेर थांबते, त्याचं नीट होऊ देते, मग स्वतः आत जाऊन कार्ड पाडते आणि बाहेर येऊन उठवणाऱ्याला म्हणते, या. मीच लिहिली तशी — चाचणी नीटनेटकी व्हावी, मध्येच भलतं काही अडकू नये म्हणून. म्हणजे दहा हजार वेळा कार्ड पडलं ते आत कोणी नसतानाच पडलं. मग उठणार नाही तर काय करणार. खरं पडणं असं विचारून येत नाही, सिस्टर. हे त्या बाईला कळलं होतं. इथे चाचणीला होती ती, शंकासुर म्हणायचो आम्ही तिला, तोंडावरसुद्धा. चहात साखर घातली तरी म्हणायची, घातलीस हे कशावरून. ती एक दिवस घरून केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली. म्हणाली, तुझ्या कळेवर माझा विश्वास नाही, मी कार्ड तापवून पाडणार. आणि बसली इथेच, या खुर्चीवर, चार दिवस. चारशे वेळा पाडलं, तीनशे नव्व्याण्णव वेळा उठलं, एकदा नाही उठलं. अर्धा तास थांबली, तरी नाही. तिने तक्रार लिहिली, पानभर, वेळेसकट, सगळं. ती माझ्याकडे आली. मी काय केलं असेल? मी कळ दाबली. हजार वेळा दाबली, हजार वेळा उठलं, आणि मी शेरा मारला — पुन्हा घडवून दाखवता येत नाही — आणि तक्रार बंद केली. तिने पुन्हा उघडली. मी लिहिलं, हॉस्पिटलात कोणी मशीनला हेअर ड्रायर लावत नाही. मीटिंगमध्ये ते मोठ्याने वाचलं मी. सगळे हसले, साहेब तर डोळे पुसत होते. ती नाही हसली. त्या आठवड्यात माल बाहेर पाठवायचा होता, मला वाटलं हिला काय कळतंय. सहा महिन्यांनी ती गेली सोडून. ड्रायर राहिला, तो बघा तिथे कपाटावर.

मला रागवा तरी. तुमची जबानी वाचलीय मी. साहेबांनी दिली होती वाचायला, यातून मशीनवर काही येतंय का बघ म्हणाले. तुम्ही लिहिलंय, त्या वेळात मी टेबलावर चार वेळा सात नंबर बघितला, चारही वेळा एकाहत्तर होता. चार वेळा एकाहत्तर. वकील म्हणाले, या एका ओळीवर बाई अडकली, कोणाचं हृदय एकोणीस मिनिटं एकाच आकड्यावर चालतं का, हिने बघितलंच नाही, मागून जुळवलंय. सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं, कारण खोटं बोलणारा माणूस कधी चारही वेळा एकाहत्तर लिहीत नाही. तो लिहील सत्तर, बहात्तर, एकाहत्तर — थोडं इकडेतिकडे करील. एकच आकडा तोच लिहितो ज्याने तो बघितलाय. आणि तो आकडा तिथे का थांबला तेही मला माहीत होतं. टेबलवाल्या टीमने मला विचारलं होतं, कार्ड पडून उठेपर्यंत टेबलावर काय दाखवायचं? आधी टीं-टीं वाजायचं, संपर्क तुटला म्हणून, आणि नर्सेसची तक्रार होती की कान किटले, दिवसातून तीसदा वाजतं नि बघावं तर काही नाही. तेव्हा मी लेखी दिलं — दोन सेकंदांत उठतं, प्रत्येक वेळी उठतं, तोवर शेवटचा आकडा तसाच राहू द्या. त्यांनी राहू दिला. कुठवर? उठेपर्यंत. आणि खोलीतला आवाज तर बंदच ठेवतात सगळीकडे, पेशंटला झोप लागत नाही म्हणून. अलार्म दिला ही मशीनची नोंद खरी आहे, सिस्टर, ती अजिबात खोटी नाही. तो पोचला अशी नोंद मात्र कुठेही नाही. वकिलांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुरावा म्हणाल तर तो तुमच्या वॉर्डातल्या मावशींनी घालवला, बिचाऱ्यांनी. आजोबांना हलवलं, मागून मावशींनी मशीनचा प्लग काढला, पुसलं, लावला. बंद करून चालू केलं की आत कोण कोणासाठी अडून बसलं होतं ते सगळं पुसलं जातं, नव्याने जन्म. त्यांचा काय दोष, जगात सगळे हेच करतात, मीही घरी टीव्हीला हेच करतो. आजोबा शब्दकोडं सोडवत होते असं लिहिलंय तुम्ही, अर्धं राहिलं होतं. ते वाचून मी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगतोय तसंच. वाटलं, ती म्हणेल जाऊ दे, तू मुद्दाम थोडंच केलंस. ती म्हणाली, त्या बाईचं काय होणार? मी म्हटलं, बघू. त्यानंतर ती बोललेली नाही. म्हणजे मघाशी मी म्हटलं ना, आधी तू आधी तू — तसं काही नाही ते. ती बोलून झालीय. माझंच उत्तर यायचंय.

एकशे चार. दिसतंय मला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आता राहिलेलंही ऐका, अर्धं कशाला ठेवू. दुरुस्ती झालीय. त्याच रात्री बसून केली, चार ओळी, फक्त चार — वाट बघायला मर्यादा घातली आणि कार्ड पडलं की आतल्याला आधी बाहेर काढायचं, इतकंच. चार ओळींना सहा वर्षं लागली मला. साहेबांना दाखवली. मला वाटलं, आता ते म्हणतील, चला, सांगून टाकू. ते म्हणाले, शाब्बास. आज समितीसमोर जो मॉनिटर ठेवलाय त्याच्यात त्या चार ओळी आहेत, सकाळी मीच भरल्या. तो कळ दाबून पाडा, तापवून पाडा, आपटून पाडा, दोन सेकंदांत उठेल, आणि तो उठताना बघून डॉक्टरीणबाई तुमच्याकडे बघतील. आणि हा सात नंबरचा अजून जुनाच आहे, तुमच्या वॉर्डातून आला तसा. यातही त्या ओळी भरायच्यात, म्हणजे कोणी मागितला तरी हरकत नाही. अकराच्या आत भर म्हणाले. म्हणून मी इथे आहे, सिस्टर. तुम्हाला समजावायचं, सही घ्यायची, आणि तुम्ही आत गेलात की हे करायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

थांबा, उठू नका. तोंडी सांगून तुमच्या हातात काय लागणार, तुम्ही आत जाऊन म्हणाल हा असं म्हणाला, नि मी म्हणेन मी कुठे म्हणालो. मला ओळखतो मी. तो ड्रायर द्या इकडे — आहे, पोचतो माझा हात. झाकण काढतो. हे कार्ड, एवढंसं, बिस्किटाएवढं. आणि इथे मी कार्डाला सारखे हुकूम सोडायला लावतो, चॅनेल बदल, चॅनेल बदल, म्हणजे आतून कडी जवळजवळ कायमच लागलेली राहील. लबाडी नाही यात, वॉर्डात दिवसभरात जे होतं तेच घाईने करतोय, चारशे वेळा बसायला आपल्याकडे चार दिवस नाहीत. चिमटा बोटालाच आहे माझ्या. टेबलाकडे लक्ष ठेवा. आवाज होईल जरा.

तापतंय. तापतंय — पडलं. एक, दोन — उठलं. हं. उठलं की. कपाळावर आठ्या घालू नका, होतं असं, पुन्हा लावतो. खरं सांगू, मघाशी ते उठलं तेव्हा मला बरं वाटलं. अजूनही बरं वाटतं, इतका निर्लज्ज आहे मी. पडलं. एक — दोन — उठलं. अकराला तीन कमी आहेत. लाल दिवा लागला तरी तुम्ही लगेच उठायचं नाही, दोन मिनिटं थांबतील ते. हा वास वायरचा आहे, घाबरू नका. पडलं. एक. दोन. तीन. — तीन झाले ना? चार. पाच. सहा. सात. मी ड्रायर बंद करतो. आठ. नऊ. दहा.

आता बघा. हा चिमटा मी काढतोय. बघताय ना, हा काढला, हा टेबलावर ठेवला, हे माझं बोट. मोकळं. आणि टेबलावर काय आहे, वाचा तुम्ही — एकशे बारा. एकशे बाराच. मी आत्ता इथे मरून पडलो तरी एकशे बारा. इकडे मशीनवर बघा, आवाज बंद असला तरी ते ओरडतंय, चिमटा निघाला, नाडी नाही, अलार्म, नोंदही करतंय अकराला दोन कमीची, आणि टेबलाला त्याचा पत्ता नाही. चार वेळा बघा, चाळीस वेळा बघा. तुम्ही खरं लिहिलं होतं. मला माहीत होतं तुम्ही खरं लिहिलं होतं, अकरा दिवस माहीत होतं, आणि मी माझं पेन तुमच्या हातात दिलं. पुसा डोळे. माझ्याकडे रुमाल नाही, हा मशीन पुसायचा आहे, धुतलेला आहे.

लागला दिवा. ऐका आता, नीट ऐका. सही करायची नाही. तो कागद इथे राहू दे. आत जाऊन साहेबांशी काही बोलू नका, वकिलांशी तर नाहीच, सरळ डॉक्टरीणबाईंना म्हणा, माझा सात नंबर बघायला चला, दहा पावलांवर आहे. दुसरं काही समजावत बसू नका, लॉक नको नि कडी नको, फक्त चला म्हणा. साहेब म्हणतील, थांबा, मी बंद करून पुन्हा चालू करून देतो. तेवढं एक मी होऊ देणार नाही, मी इथे प्लगपाशी बसतो. हो, मला विचारलं तर सांगेन. असं आत्ता म्हणतोय, सिस्टर — साहेब दारात उभे राहिले की मी त्यांच्या होला हो करतो, बारा वर्षांचा अनुभव आहे, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, पडद्यावर विसंबा. तो मला घाबरत नाही नि त्यांनाही नाही. धावू नका, सावकाश जा. एकोणीस मिनिटं काय, तासभर तो तसाच राहील. जा.